बाप बॉर्डरवर, पोर गावात : मनाचं दुखणं दाखवायचं कुठं?

बोरीकाठ

राम राम मंडळी.

प्रश्न माझ्या भाच्याचा आहे. दहावीला आहे. पारोळा तालुक्यात आई आणि आजी-आजोबांजवळ राहतो. दाजी फौजेत हवालदार, सध्या अरुणाचलला फील्डवर, तिथं कुटुंब नेता येत नाही. दिवाळीपासून पोराचं काहीतरी बिनसलंय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो. पहाटे ग्राउंडवर धावायला जायचा, ते बंद झालं. जेवणावर वासना नाही. ताई काही बोलली की अंगावर येतो आणि मग घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, जाऊन रडत बसतो. दाजींचा फोन आला की याच्या पोटात दुखायला लागतं, फोनवर येतच नाही.

गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. शक्तीच्या गोळ्या दिल्या. मी म्हटलं, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवू. तर घरात एकेकाचं एकेक. आजोबा म्हणतात, "फौजीना पोऱ्या शे तो, त्याले काय व्हई?" आजीला वाटतं बाहेरचं आहे, भगताकडे न्यायचं. ताई म्हणते, हे आल्याशिवाय एवढा मोठा निर्णय मी एकटी कसा घेऊ? आणि दाजी फोनवर म्हणाले, कागदावर काही येऊ देऊ नका, पोराला पुढं भरतीला उतरायचंय, शिवाय माझ्या युनिटला कळायला नको.

फौजीच्या घरच्यांना औषधपाणी फुकट, असं गावात सगळे म्हणतात. पण तो मिलिटरी हॉस्पिटलचा दवाखाना देवळालीला, आमच्यापासून जवळजवळ दोनशे किलोमीटर. दहावीच्या पोराला दर महिन्याला तिकडं नेणार कोण?

तर विचारायचं असं की, आईच्या एकटीच्या सहीवर उपचार सुरू होतात का? युनिटला खरंच कळतं का? आणि आपल्या भागात दाखवायचं कुठं?

---

केळीवाला रावेर

भगताकडे नेऊ नका, पहिलं ते थांबवा. बाकीचं जाणकार सांगतीलच.

---

सुभेदार आबा

बोरीकाठ भाऊ, मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, आता भडगावला शेती करतो. युनिटचं सांगतो.

जवानाची मेडिकल कॅटेगरी असते, तिला आम्ही ‘शेप’ म्हणतो. त्यातलं पहिलं अक्षर मनाच्या प्रकृतीचं असतं, पण ती प्रकृती जवानाची स्वतःची. बायकोच्या किंवा पोराच्या उपचारामुळं जवानाची कॅटेगरी खाली जात नाही. पोराला मिलिटरी हॉस्पिटलला दाखवलं तरी कागद पोराच्या नावाचा होतो. सिव्हिलला दाखवलं तर युनिटचा संबंधच येत नाही.

खरं तर युनिटला कळलेलं चांगलं. मुलाच्या आजारपणासाठी सुट्टी मागता येते, अडचण मोठी असेल तर घराजवळच्या पोस्टिंगचा अर्ज करता येतो. पण त्यासाठी जवानानं आपल्या कंपनी कमांडरसमोर तोंड उघडायला हवं. आमच्या लोकांचं तिथंच अडतं. वर्षाला साठ दिवस वार्षिक रजा आणि तीस दिवस किरकोळ रजा असते, पण फील्डवर ती एकगठ्ठा मिळत नाही, आणि जी मिळते ती लग्न, पेरणी, घरबांधणी यात जाते. पोरासाठी म्हणून सुट्टी मागितलेला जवान मी फार कमी पाहिला.

पाय मोडला तर बाप बेधडक सांगतो, ‘साहेब, पोराचा पाय मोडलाय.’ हे मात्र सांगवत नाही. बाकीचे काय म्हणतील, याचीच धास्ती.

---

केळीवाला रावेर

आबा, युनिटचं पटलं. पण भरतीचं काय? माझा पुतण्या अकॅडमीत जातो. अग्निवीरला साडेसतरापासून उतरता येतं, म्हणजे या पोराच्या हातात दोन वर्षं आहेत. मेडिकलला मनाच्या आजाराचं विचारतात, हे खोटं आहे का? झोप नाही आणि राग येतो, एवढ्यावर पोराच्या कपाळावर शिक्का मारून घ्यायचा? दहावी होऊ द्या, बाप सुट्टीवर येऊ द्या, मग बघा. आमच्याकडं निम्म्या घरांचा संसार त्या एका नोकरीवर उभा आहे. हे शहरातल्या लोकांना कळत नाही.

---

पांझरा

धुळ्यात मानसोपचाराचं काम करते, म्हणून लिहिते. केळीवाला दादांची काळजी मी रोज ऐकते. तिच्यात तथ्य आहे.

भरतीच्या मेडिकलमध्ये मानसिक आजाराचा इतिहास विचारतात आणि तो असेल तर निवड अवघड होते. लपवा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण आधी एक समजून घ्या. डॉक्टरकडं आलेलं प्रत्येक पोर आजारी ठरत नाही. कित्येकांना काही भेटींचं समुपदेशन, झोपेची घडी बसवणं आणि घरच्यांशी एकदा नीट बोलणं एवढंच लागतं. ते वेळेवर झालं तर पुढं गोळीची गरजही पडत नाही. दोन वर्षं गप्प बसलं की हेच दुखणं वाढतं, आणि मग ते भरतीच्या आधी नाही तर ट्रेनिंगमध्ये बाहेर येतं. जे पोर आज पहाटे अंथरुणातून उठू शकत नाही, ते सोळाशे मीटर धावणार कसं?

या वयातली उदासी मोठ्यांसारखी दिसत नाही. पोरं उदास बसण्याऐवजी चिडतात, उलट बोलतात, पोट-डोकं दुखतं म्हणतात. घरच्यांना वाटतं माजलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं दहा ते एकोणीस वयातल्या दर सात जणांत एकाला काही ना काही मानसिक त्रास असतो. आपल्याकडं बंगळुरूच्या निमहान्स या मानसोपचार संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय सर्वेक्षण केलं, त्यात तेरा ते सतरा वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के निघालं. म्हणजे पन्नास पोरांच्या वर्गात तीन-चार. तुमचा भाचा जगावेगळा नाही.

बोरीकाठ भाऊ, आज एक काम करा. त्याला एकट्याला गाठा आणि सरळ विचारा, ‘जगू नये असं वाटतं का?’ असं विचारल्यानं पोराच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री १४४१६ लावा. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी लाइन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

---

लेक फौजीची

हा धागा वाचून थांबता आलं नाही. माझे पप्पा आर्मीमधून निवृत्त झाले. आम्ही साक्री तालुक्यातले. मी आता नाशिकला नर्सिंग शिकते.

मुलाचं दुखणं भरतीसाठी का होईना, चर्चेला तरी येतं. मुलीचं तेही नाही. मी आठवीत असल्यापासून पप्पा फोन ठेवताना एकच वाक्य म्हणायचे, ‘तू मोठी आहेस, मम्मीला सांभाळ.’ मम्मी रडायला लागली की मी भावाला घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे आणि टीव्ही मोठा करायचे. अकरावीत मला छातीत धडधडून हातपाय गार पडायचे. मामींनी डॉक्टरांचं नाव काढलं तर आत्या म्हणाली, दोन-तीन वर्षांत स्थळं बघायचीत, कुणाला कळलं तर? विषय तिथंच संपला. सिन्नरच्या एका मावशीनं पुढं मला स्वतःसोबत नेलं म्हणून मी आज हे लिहू शकतेय.

२०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर चालू होतं, तेव्हा गावातल्या फौजींच्या घरांत दिवसरात्र बातम्यांचे चॅनल लावलेले. माझी चुलत बहीण चौदा वर्षांची, तिचे वडील जम्मूला. टीव्हीवर सायरन वाजला की ती वडिलांना फोन लावायची, तो लागायचा नाही. दहा तारखेला शस्त्रसंधी झाली, मोठ्या माणसांच्या जिवात जीव आला. तिची झोप मात्र पुढं कितीतरी दिवस जागेवर आली नाही, आणि तिला कुणी विचारलंही नाही. घरात सगळे तिच्या आईलाच धीर देत होते.

---

जिभाऊ

ताई, बरोबर बोललीस. २०१६ ला बोरविहीरचा जवान चुकून सीमेपलीकडं गेला आणि जानेवारीत परत आला, तेवढे महिने आमच्या धुळे तालुक्यात फौजींच्या घरी दुसरा विषय नव्हता. लहान पोरं विचारायची, माझे पप्पा पण तिकडं गेले तर? मोठे म्हणायचे, गप बस, अभद्र बोलू नको.

मला आणखी एक सांगायचंय. सगळे बाप लांब असतानाचं बोलताहेत. बाप परत आल्यावरचं कुणी बोलत नाही. अग्निवीरच्या आधीचा जवान एकोणीस-वीसला भरती झालेला, पंधरा-सतरा वर्षांनी पेन्शनवर येतो. म्हणजे चाळिशीच्या आत घरी, आणि नेमकं तेव्हा पोर तेरा-चौदाचं. माझ्या मोठ्या भावाच्या घरात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पुतण्यानं दहा वर्षं बाप फक्त सुट्टीत पाहिलेला. सुट्टीतला बाप म्हणजे कॅन्टीनची चॉकलेटं, नवे बूट, सारंगखेड्याची यात्रा. तोच बाप कायमचा आला आणि पहाटे साडेचारला पांघरूण ओढायला लागला. केस बारीक, कपाट आवरलेलं, उत्तर एका शब्दात. पोर आईकडं बघायचं, आई मधल्या मध्ये मरायची. भावाला स्वतःलाच घरात करमत नव्हतं. संध्याकाळी बाटली काढून बसायचा. पुतण्यानं अकरावीत कॉलेज सोडलं.

त्या घरात दोघांनाही आधार हवा होता. पण लोक एवढंच म्हणायचे, फौजी माणूस, जरा कडक आहे.

---

चोपड्याच्या बाई

जिभाऊ, तुमच्या पुतण्यासारखी दोन मुलं माझ्या वर्गात आहेत.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. शहरातल्या मोठ्या शाळांत समुपदेशक असतात, आर्मीच्या शाळांतही असतात. आमच्याकडं वर्गात सत्तर मुलं आणि मी. तरी शाळेला दिसतं खूप. गैरहजेरी आधी आम्हाला कळते, अक्षर बिघडलेलं आम्हाला दिसतं. एक मुलगी निबंधाच्या वहीत ‘माझे वडील’ या विषयाखाली फक्त गावाचं नाव आणि पिनकोड लिहून बसली होती. वर्गात काही बोलले नाही. मधल्या सुट्टीत तिला स्टाफरूमच्या मागं बोलावलं. ती म्हणाली, ‘बाई, आठवतच नाही काय लिहू.’

पालकांना शाळेत बोलावताना मी ‘मानसिक’ हा शब्द काढत नाही. झोप, जेवण, अभ्यास असं बोलते, मग आई खुर्चीत टेकून बसते. ज्यांना थेट मानसोपचार नको वाटतो त्यांनी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकपासून सुरुवात करावी. ते किशोरवयीन मुलांसाठीच आहे, दहा ते एकोणीस वयाचं पोर तिथं जाऊ शकतं. तिथून पुढं डॉक्टरकडं चिठ्ठी मिळते.

---

वकील शिरपूर

सहीचा प्रश्न मागं पडला, म्हणून लिहितो.

आईची सही चालते. कायद्यात अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाचा पालक म्हणून आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई असं लिहिलंय, त्यावरून लोक घाबरतात. पण सर्वोच्च न्यायालयानं १९९९ च्या गीता हरिहरन निकालात स्पष्ट केलं की त्याचा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर असा घ्यायचा नाही. बाप मुलाच्या देखभालीसाठी हजर नसेल, कारण कोणतंही असो, तर आई पालक म्हणून निर्णय घेऊ शकते. अरुणाचलला ड्यूटीवर असलेला बाप त्यात बसतो. बाह्यरुग्ण तपासणीला आई सोबत असली की पुरे.

दुसरं, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, मे २०१८ पासून लागू आहे. त्यात रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा हक्क आहे. डॉक्टर आपणहून युनिटला, शाळेला, गावाला काही कळवत नाही. तुमच्या ताईंना एवढं सांगा की परवानगी मागत बसायचं नाही, दाजींना फक्त कळवायचं.

---

एसआरपी वहिनी

आबा आणि बाकीचे सगळे मिलिटरीचं सांगताहेत. आमच्या घरी एसआरपी, म्हणजे राज्य राखीव पोलीस, धुळ्याचा गट ६. वर्षातले कितीतरी महिने बंदोबस्त, कधी गडचिरोली, कधी निवडणूक, कधी गणपती. लोक आम्हालाही फौजीच म्हणतात, पण ना मिलिटरी हॉस्पिटल, ना ईसीएचएस ही निवृत्त फौजींची उपचार योजना. सीआरपीएफ-बीएसएफवाल्यांना निदान उपचारासाठी आयुष्मान सीएपीएफचं (केंद्रीय पोलीस दलांचं) कार्ड आहे. पोरांच्या मनाला मात्र वर्दीचा रंग कळत नाही, बाप नसला की नसला. माझ्या मुलीला मी सिव्हिललाच दाखवलं. ओपीडीत दोन तास बसलो, शेजारची बाई भेटली, मी सांगितलं डोळे तपासायला आलोय. मुलगी माझ्याकडं बघतच राहिली. घरी आल्यावर म्हणाली, ‘मम्मी, मी काही चुकीचं केलंय का?’ तेव्हापासून मी कुणी विचारलं तर खरं सांगते.

---

केळीवाला रावेर

वहिनी, तुमचं वाचून गप्प झालो. पुतण्यालाही झोपेचा त्रास आहे, हे मी वर लिहिलं नव्हतं. पांझरा ताई, त्याच्यासाठी आधी १४४१६ लावला तर चालेल? नाव विचारतात का?

---

पांझरा

नक्की लावा. गुप्त राहतं. तोच बोलला तर उत्तम, नाहीतर तुम्ही बोला. फौजी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या एएफएमसी या लष्करी मेडिकल कॉलेजात टेली-मानसचा खास कक्षही १ डिसेंबर २०२३ पासून सुरू आहे. तिथल्या माणसांना फील्ड, पीस (कुटुंब नेता येतं ते पोस्टिंग), सुट्टी हे समजावून सांगावं लागत नाही.

---

सुभेदार आबा

आणि निवृत्तांनी ईसीएचएसचं कार्ड वापरा. २००३ पासून योजना आहे. पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारासाठी रेफरल मिळतं. आमचे लोक तिथं बीपी-शुगरच्या गोळ्या घेतात आणि घरी येतात. पोरासाठी रेफरल मागा. मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत, कमावता नसेल आणि लग्न झालं नसेल तर, त्याचंही नाव त्यात असतं.

---

लेक फौजीची

आबा, तुमच्या पोस्टी वाचताना तुम्ही सावधानमध्ये उभं राहून टाइप करताय असं वाटतं 😊 पण माहिती एक नंबर. पप्पांना कार्ड काढायला लावते.

---

सुभेदार आबा

बेटी, विश्राममध्येच आहे. वांगी भाजायला टाकलीत, भरीत होईपर्यंत वेळ आहे. पप्पांना सांग, भडगावला आले तर जेवून जायचं.

---

बोरीकाठ

मंडळी, थोडे दिवस गायब होतो, पण सगळं वाचत होतो. काय झालं ते सांगतो.

पांझरा ताईंनी सांगितलं तसं त्याला मळ्यात नेऊन विचारलं. जगू नये असं वाटत नाही म्हणाला, पण ‘कंटाळा आलाय मामा’ म्हणून बराच वेळ रडला. वकील साहेबांची पोस्ट ताईला वाचून दाखवली. तिनं दाजींना मेसेज टाकला, ‘उद्या दाखवतेय, तुम्हाला कळवते.’ एवढं ठाम बोलताना तिला मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. धुळ्याला मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत गेलो. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून त्याच्याशी एकट्याशी बोलणं केलं, मग ताईला आत घेतलं.

रात्रीचं जागणं कशाचं होतं, तर तो दाजींचं व्हॉट्सअॅपचं ‘लास्ट सीन’ बघत बसायचा. दाजींच्या पोस्टवर नेटवर्क कधी येतं, कधी नाही. रात्री अकराचं दिसलं की याला वाटायचं एकच्या सुमाराला पुन्हा येतील, ते बघून झोपू. नाही आले की मग झोपच नाही. सकाळी उठवत नाही म्हणून धावणं बंद. आणि दाजी फोनवर पहिला प्रश्न हाच करायचे, ‘आज टायमिंग किती आलं?’ धावलंच नाही तर सांगणार काय? म्हणून पोटात दुखायचं. आम्ही सगळे घरात असून हे कुणाला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी सध्या गोळी दिलेली नाही. दर पंधरा दिवसांनी बोलायला बोलावलंय, रात्री फोन ताईच्या उशाशी ठेवायचा ठरलंय. दाजींशी डॉक्टर व्हिडिओ कॉलवर बोलले. फोन दोनदा कट झाला, पण बोलले. दाजींना सांगितलं, रोज ठरल्या वेळी एक मेसेज, फोन लागो न लागो, आणि टायमिंग विचारायचं नाही. दाजी कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘मला दुसरं काय बोलायचं ते सुचत नाही त्याच्याशी.’ डॉक्टर म्हणाले, तुम्ही आज काय जेवलात ते सांगा.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. शाळेला अजून दांड्या आहेत. आजीनं भगताचा अंगारा आणलाच, डॉक्टरांनी सांगितलं की लावू द्या, फक्त तारीख चुकवू नका. आजोबा मात्र दुसऱ्या भेटीला स्वतःहून गाडीत बसले.

एक नवीन घोळ आहे. पुढं कधी देवळालीला नेलं तर असावं म्हणून पोराचं डिपेंडंट कार्ड (फौजीच्या घरच्यांचं ओळखपत्र) काढून पाहिलं, त्यावर पोराचं नाव वेगळं आणि आधारवर वेगळं. आबा, याचं काय करायचं?

---

सुभेदार आबा

हे घरोघरी आहे. जन्माच्या वेळी बापानं युनिटला जे नाव कळवलं ते कार्डावर, शाळेत घातलेलं आधारवर. दाजींना सांगा, युनिटच्या क्लार्ककडं जन्मदाखला आणि आधारची प्रत देऊन नाव दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटची अधिकृत नोंद, करून घ्यायची. ती रेकॉर्ड ऑफिसला गेली की कार्ड नवीन निघतं. वेळ लागतो, म्हणून आजच सांगा. इकडं जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारलं तर कागद कोणते लागतात ते सांगतात. आणि नावाचं हे काम पोराच्या दहावीच्या फॉर्मशीही जुळवून घ्या, नाहीतर पुढं तिसरंच नाव निघेल.

---

सातपुडा

उशिरा लिहितोय. आम्ही धडगावकडचे. भाऊ सीआरपीएफमध्ये, त्याची सोळा वर्षांची मुलगी आमच्याजवळ. तुम्ही धुळ्याला गेलात, आम्हाला नंदुरबारला उतरायचं म्हणजेच घाट आणि अख्खा दिवस. मोबाईलला रेंज शाळेच्या टेकडीवर जाऊन मिळते. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

---

पांझरा

भाऊ, पहिली भेट शक्यतो समोरासमोर व्हावी. नंदुरबारला मेडिकल कॉलेज २०२० पासून आहे, तिथं एकदा या. येण्याआधी धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम तिकडं येते का आणि कोणत्या वारी. येत असेल तर पुढच्या भेटी तिथंच होतील, घाट उतरावा लागणार नाही. तोवर टेकडीवरून १४४१६ लावा, पण मुलीला चारचौघांत बोलायला लावू नका, शाळा सुटल्यावर न्या. भावाचं आयुष्मान सीएपीएफचं कार्ड असेल तर त्यात मुलीचं नाव आहे का तेही बघून ठेवा. तिला नेमका काय त्रास होतो ते इथं सगळ्यांसमोर लिहू नका, मला व्यक्तिगत निरोप करा. आज रात्री बघते.